गाडीच्या रंगावर संरक्षक कोटिंग स्वतः करावे का, आणि त्याआधी रंगाची तयारी किती करावी?

प्रश्न : निळीशाई

नमस्कार. माझी गाडी गडद निळ्या रंगाची असून ती बहुतेक वेळ उघड्यावर उभी असते. सावलीत पाहिली तर रंग चांगला दिसतो. पण थेट उन्हात बॉनेटवर आणि दारांवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळाकार बारीक ओरखडे उठून दिसतात, आणि छतावर पाण्याचे पांढरट डाग बसले आहेत, जे शाम्पूने निघत नाहीत. रंगावर संरक्षक थर द्यावा असे बरेच दिवस मनात आहे. मात्र मेण, सीलंट, टेफ्लॉन, सिरॅमिक, ग्राफीन अशी इतकी नावे समोर येतात आणि त्यांबद्दलचे दावे एकमेकांसारखे इतके असतात की खरा फरक कशात आहे हेच उमगत नाही.

सध्याचे ओरखडे कोटिंगखाली झाकले जातात, की ते आधी काढावेच लागतात? पॉलिशच्या यंत्राचा सराव नसलेल्या माणसाने हे काम घरी करावे का? शिवाय एक वेगळी अडचण आहे. मागचे डावे दार चेपल्यामुळे ते काही आठवड्यांपूर्वी नव्याने रंगवून घेतले आहे. बाकी सर्व रंग कारखान्यातला आहे. संपूर्ण गाडीला एकाच वेळी थर दिला तर चालेल का?

प्रतिसाद : मायक्रॉन

आपण रक्षण कशाचे करणार आहोत, हे आधी पाहिले तर नावांचा गोंधळ बराच कमी होईल. गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर रंगहीन, पारदर्शक क्लिअर कोट अशी रचना असते. हे सगळे थर मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा सुमारे ४० ते ५० मायक्रॉन असतो. चमक दिसते ती या क्लिअर कोटची, ओरखडे पडतात तेही त्यावरच, आणि खालच्या रंगाला अतिनील किरणांपासून वाचवणारी रसायनेही त्यातच मिसळलेली असतात. वरून दिलेले कोणतेही कोटिंग म्हणजे या क्लिअर कोटवरचा आणखी एक पातळ पदर, ज्याने झीज आपल्यावर घ्यावी आणि क्लिअर कोटला शक्य तितके सुरक्षित ठेवावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

कार्नोबा मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते. त्याने गडद रंगाला सुंदर खोली येते, पण ते रंगाशी रासायनिक बंध जोडत नाही. वारंवार धुण्याने आणि उन्हाने ते काही आठवड्यांत किंवा फार तर दोन-तीन महिन्यांत संपते. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट त्याहून अधिक, काही महिने टिकते. सिरॅमिक कोटिंगमध्ये सिलिकॉनयुक्त संयुगे, मुख्यतः सिलोक्सेन किंवा सिलाझेन, द्रावकात विरघळवलेली असतात. द्रावक उडून गेला की ती हवेतील ओलाव्याशी अभिक्रिया करून काचेशी नाते सांगणारे घट्ट जाळे तयार करतात. हा थर शाम्पूने निघत नाही, सौम्य आम्ल-अल्कलींना दाद देत नाही, आणि निगा राखली तर एक ते तीन वर्षे काम करतो. ग्राफीन या नावाने मिळणारी उत्पादनेही बहुतांशी याच जातीची असून त्यांत ग्राफीन ऑक्साइडचा अल्प अंश मिसळलेला असतो.

टेफ्लॉनबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, आणि त्याचा वितळणबिंदू सुमारे ३२७ अंश सेल्सिअस आहे. तव्यावर ते पक्के बसते ते अशा उच्च तापमानाला भाजल्यामुळे. रंगवलेल्या गाडीला तेवढी उष्णता देणे शक्यच नाही. त्यामुळे गाडीवरच्या 'टेफ्लॉन कोटिंग'मध्ये प्रत्यक्ष काम करते ते त्यातील मेण किंवा पॉलिमर.

सिरॅमिकच्या बाटलीवर लिहिलेला '९ एच' हा आकडाही समजून घ्यावा. तो मोह्सच्या, खनिजांचा कठीणपणा सांगणाऱ्या मोजपट्टीवरचा नाही, पेन्सिलींच्या चाचणीतला आहे. ठरावीक कोनात आणि ठरावीक दाबाने कोणती पेन्सिल थरावर खूण उमटवते, एवढेच ती चाचणी सांगते. आयएसओ १५१८४ हे तिचे प्रमाण आहे. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि मोह्सच्या पट्टीवर क्वार्ट्झ ७ वर आहे. धुळीने भरलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसली तर '९ एच' थरावरही ओरखडे पडणारच. या थराची जाडी एखाद-दोन मायक्रॉन, बहुधा त्याहूनही कमी असते. रस्त्यावरून उडणाऱ्या खड्यांपासून संरक्षण हवे असेल तर त्यासाठी पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म असते, आणि तिची जाडी १५० ते २०० मायक्रॉनच्या आसपास असते. ती पूर्णपणे वेगळी वस्तू आहे.

प्रतिसाद : आरसपानी

वरील प्रतिसादातील थराची जाडी लक्षात घेतली, तर ओरखडे झाकले जातील का या आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. इतका पातळ आणि पारदर्शक थर काहीही झाकत नाही. उलट चकाकी वाढल्यामुळे गडद रंगावर जुने ओरखडे अधिक ठसठशीत दिसू शकतात. पुढे ते काढायचे ठरवले तर आधी कोटिंगच पॉलिशने खरवडावे लागते. म्हणून मी आग्रहाने सांगेन की या कामातला मोठा वेळ तयारीसाठी राखून ठेवा.

गाडी सावलीत, पत्रा थंड असताना धुवा. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या रंगातही ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण रुतलेले असतात. ते काढण्यासाठी थायोग्लायकोलेट असलेला आयर्न रिमूव्हर फवारावा लागतो. लोखंडाशी संयोग होताच तो जांभळा होतो आणि घाण कुठे किती आहे हे डोळ्यांनी दिसते. फवारा रंगावर वाळू देऊ नका. डांबराचे ठिपके वेगळ्या द्रावकाने जातात. त्यानंतरही बोटांना पृष्ठभाग खरखरीत लागत असेल तर क्ले बार (रुतलेली घाण ओढून घेणारी मऊ, मातीसारखी वडी) भरपूर वंगणद्रव घेऊन, दाब न देता फिरवा; हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून रंगावरून बोटे फिरवली तर हा खरखरीतपणा फार स्पष्ट जाणवतो. क्लेचा तुकडा जमिनीवर पडला तर तो टाकून द्या, कारण त्याला चिकटलेला एक खडाही पूर्ण दारावर रेघ ओढू शकतो.

छतावरच्या डागांबद्दल. पाणी उडून जाते, त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. हे क्षार रंगावर नुसते बसलेले असतील तर सौम्य आम्लाने विरघळतात. त्यासाठी तयार द्रव मिळतो, किंवा समभाग पाणी मिसळलेले पांढरे व्हिनेगर कापडावर घेऊन डागावर एखादे मिनिट ठेवून पाहता येते. नंतर भरपूर पाण्याने धुवावे. तरीही डागाची कड दिसत राहिली तर क्षारांनी क्लिअर कोटमध्ये खळगा पाडला आहे असे समजावे, आणि तो पॉलिशनेच कमी होतो.

पॉलिश ओरखडा भरत नाही. ते ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून त्याच्या तळाच्या पातळीपर्यंत आणते. काही पॉलिशमधील तेले आणि भरणद्रव्ये ओरखडे तात्पुरते लपवतात. म्हणून प्रत्येक भाग संपल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या सौम्य द्रावणाने किंवा तयार पॅनेल वाइपने पुसून, टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकून तपासा. तेलाचा अंश राहिला तर कोटिंग रंगाला धरत नाही, हे या पुसण्याचे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण आहे.

प्रतिसाद : सावकाश

आरसपानी यांच्या क्रमाशी मी सहमत आहे. मात्र 'सगळे ओरखडे गेलेच पाहिजेत' असा अर्थ कोणी काढला तर तो धोक्याचा ठरेल, म्हणून हा प्रतिसाद.

क्लिअर कोट परत वाढत नाही. हलके पॉलिश काही मायक्रॉनच्या आतच काम संपवते, पण जाड कणांचे कंपाउंड (अधिक खरवडणारे पॉलिश) आणि कडक पॅड घेऊन खोल ओरखड्याचा पाठलाग केला तर बरीच जाडी जाते, आणि तिच्याबरोबर अतिनील किरण शोषणारी रसायनेही जातात. असा पातळ झालेला क्लिअर कोट काही उन्हाळ्यांनंतर पांढरट पडून सोलून निघू लागतो. वर एखाद-दोन मायक्रॉनचे सिरॅमिक दिल्याने ही हानी भरून निघत नाही. ज्या ओरखड्यात नख अडकते तो तसाच राहू द्यावा, असा सुरक्षित नियम सांगता येईल. जाडीमापक वापरणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की साधे उपकरण सर्व थरांची एकत्रित जाडी दाखवते, त्यात क्लिअर कोट किती हे ते सांगत नाही. आणि प्लास्टिकच्या बंपरवर ते चालतच नाही.

यंत्राचा सराव नसेल तर फक्त ड्युअल अ‍ॅक्शन यंत्र घ्यावे. त्याचे पॅड फिरता फिरता डोलतेही, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही. रोटरी यंत्र, म्हणजे ज्याचे पॅड न डोलता फक्त गोल फिरते ते, नवशिक्याच्या हातात नको. दारांच्या कडा आणि पत्र्याच्या घड्या या ठिकाणी रंग मुळातच पातळ असतो. तिथे मास्किंग टेप लावूनच काम करावे. रंग मॅट असेल तर पॉलिशचा विचारही करू नये, पण आपल्याबाबतीत तो प्रश्न नाही.

एक पर्यायही सुचवतो. यंदा धुणे, क्ले आणि हलके पॉलिश करून फक्त सीलंट लावा. ते चुकीचे लागले तर पुसून निघते. सिरॅमिक चुकीचे लागले तर घासूनच काढावे लागते. सीलंटच्या काळात धुण्याची पद्धत सुधारली आणि नवे ओरखडे थांबले, तर पुढच्या खेपेस सिरॅमिक द्या. ज्याच्या धुण्यानेच ओरखडे पडत आहेत त्याने आधी थर बदलण्यापेक्षा धुणे बदलणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

प्रतिसाद : दुसराहात

मी दुरुस्तीनंतरच्या रंगकामाशी संबंधित असल्याने फक्त दाराबद्दल लिहितो. कारखान्यात पत्र्याचा सांगाडा रिकामा असतो, म्हणून त्यावरचा रंग १३० ते १५० अंशांच्या आसपास भाजता येतो. तयार गाडीला प्लास्टिक, रबर आणि वायरिंग असल्याने दुरुस्तीचा रंग फार तर ६० अंशांच्या आसपास भाजतात किंवा हवेतच वाळवतात. तो हार्डनर मिसळलेला दोन घटकांचा रंग असतो. हाताला काही तासांत कोरडा लागला तरी त्यातील द्रावक पुढे अनेक आठवडे बाहेर पडत राहतात आणि रंग तेवढा काळ तुलनेने मऊ राहतो. त्यावर बंदिस्त थर दिला तर द्रावकाची वाट अडते आणि रंग धूसर होण्याची किंवा त्याला बारीक फोड येण्याची शक्यता राहते.

रंग भाजला होता की हवेत वाळवला, हे रंगवणाऱ्याला विचारा आणि रंगाच्या उत्पादकाची सूचना पाळा; ती बहुधा ३० ते ९० दिवसांच्या दरम्यान असते. तोवर त्या दारावर मेणसुद्धा नको. साधे पाणी आणि सौम्य शाम्पू पुरे, आणि पक्ष्याची विष्ठा पडली तर तत्काळ धुवा, कारण ताजा रंग लवकर डागतो. बाकी गाडीला थर देण्यासाठी या दाराची वाट पाहण्याची गरज नाही. कोटिंग एकेका पॅनेलवर स्वतंत्रपणे द्यायचे असते. दार नंतर केल्याने कुठेही सांधा दिसत नाही.

निळीशाई

सर्वांचे मनापासून आभार. दाराबद्दलची शंका पूर्ण मिटली. सावकाश यांचा सल्ला पटतो, तरीही गाडी सतत उघड्यावर असल्याने मी सिरॅमिककडेच झुकलो आहे. ओरखडे मात्र हलक्या पॉलिशने जेवढे जातील तेवढेच काढेन. अडचण अशी की माझ्याकडे बंद गॅरेज नाही. वर छप्पर आहे, पण बाजू उघड्या आहेत. अशा जागेत थर देता येईल का, आणि प्रत्यक्ष लावताना नेमके काय पाहावे?

प्रतिसाद : आरसपानी

देता येईल, पण दिवस निवडावा लागेल. वारा नसलेला, पावसाची शक्यता नसलेला दिवस, तापमान साधारण १५ ते २५ अंश आणि हवेत मध्यम ओलावा, ही स्थिती उत्तम. हवा फार कोरडी आणि थंड असेल तर थर सावकाश धरतो. उष्ण आणि दमट असेल तर तो इतक्या झपाट्याने धरतो की पुसायला अवधी उरत नाही. पत्रा हाताला गरम लागत असेल तर थांबा. सकाळी पत्र्यावर दव असते, म्हणून तो पूर्ण कोरडा होऊ द्या, आणि काम अशा वेळी संपवा की रात्रीचे दव पडण्याआधी थराला काही तास मिळतील. त्या रात्री गाडी छपराखालीच राहू द्या.

सुरुवात डिकीच्या झाकणाच्या खालच्या भागासारख्या कमी नजरेत येणाऱ्या जागेवर करा. त्या दिवशीच्या हवेत हा विशिष्ट द्रव किती वेळात धरतो हे तिथे कळते, आणि बाटलीवरच्या सूचनेपेक्षा ते निरीक्षण अधिक उपयोगी पडते. सुमारे ५० सेंटीमीटर लांबी-रुंदीचा चौकोन घ्या, अ‍ॅप्लिकेटरच्या मऊ कापडावर काही थेंब टाका आणि आधी आडव्या, मग उभ्या पट्ट्यांनी द्रव सारखा पसरवा. थोड्याच वेळात पृष्ठभागावर तेलकट, इंद्रधनुषी छटा उमटते किंवा द्रव बारीक कणांत गोळा होऊ लागतो. बहुतेक द्रवांना याला एक ते तीन मिनिटे लागतात. हीच पुसण्याची वेळ. आखूड लवेच्या मायक्रोफायबर कापडाने हलक्या हाताने समतल करा, आणि लगेच दुसऱ्या कोऱ्या कापडाने पुन्हा पुसा.

पुढच्या चौकोनाकडे जाण्यापूर्वी टॉर्च घेऊन खाली वाकून, बाजूने पाहा. कुठे जास्तीचा द्रव राहिला असेल तर तो गडद, डागासारखा दिसतो. त्याला हाय स्पॉट म्हणतात. तो काही मिनिटांत सापडला तर त्याच जागी द्रवाचा एक ताजा थेंब पसरवून मऊ करता येतो आणि पुसता येतो. दुसऱ्या दिवशी सापडला तर पॉलिशशिवाय गत्यंतर नसते. उघड्या जागेत प्रकाश सगळीकडून येतो आणि असे डाग नेमके दिसत नाहीत, म्हणून आपल्या बाबतीत या तपासणीला दुप्पट महत्त्व आहे. अ‍ॅप्लिकेटरचे कापड दर एक-दोन पॅनेलनंतर बदला. वापरलेली सर्व कापडे टाकून द्या. त्यांत मुरलेला द्रव कडक होतो आणि धुतलेले कापडही पुढे रंगाला ओरखडे पाडते.

काचा यातून वगळा. समोरच्या काचेसाठी वेगळा द्रव असतो. रंगावरचे कोटिंग तिथे लावले तर वायपर थरथरू लागतो आणि रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश विखुरतो.

प्रतिसाद : मायक्रॉन

आरोग्याबद्दल एक भर घालतो, कारण ती सहसा राहून जाते. या द्रवांतील द्रावक डोक्यात जातात, आणि सिलाझेन असलेली कोटिंग ओलाव्याशी अभिक्रिया करताना अमोनिया सोडतात. नायट्राइलचे हातमोजे घाला आणि सेंद्रिय बाष्पांसाठीचा कार्बन काडतुसाचा मास्क वापरा. धुळीचा साधा मास्क या बाष्पांना अडवत नाही. या दृष्टीने आपली बाजूंनी उघडी जागा बंद गॅरेजपेक्षा चांगलीच आहे. बाटली उघडल्यावर ओलावा आत जाऊन उरलेला द्रव काही दिवसांत घट्ट होतो. त्यात पांढरे कण दिसले तर तो दारासाठी वापरू नका, त्या वेळी नवी लहान बाटली घ्या.

निळीशाई

शेवटचा प्रश्न. थर दिल्यानंतर पहिल्यांदा कधी धुवावे, आणि पाण्याचे मणी बनणे कमी झाले म्हणजे थर संपला असे समजावे का?

प्रतिसाद : सावकाश

निदान २४ तास पाणी लागू देऊ नये आणि साधारण आठवडाभर शाम्पू वापरू नये. त्या काळात विष्ठा किंवा झाडाचा चीक पडला तर ओल्या मऊ कापडाने न घासता अलगद उचलून घ्यावा. नंतर उदासीन पीएचचा शाम्पू आणि दोन बादल्या वापरा, एक शाम्पूच्या पाण्याची आणि एक मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) खळबळून काढण्याची. आधी पाण्याच्या फवाऱ्याने सुटी धूळ वाहून जाऊ द्या, वरून खाली धुवा, आणि चाकांसाठी वेगळे फडके ठेवा. फिरत्या ब्रशच्या स्वयंचलित धुलाईपासून गाडी दूर ठेवा. आपल्या बॉनेटवरचे वर्तुळाकार ओरखडे अशाच घर्षणाचे आहेत.

धुतल्यावर गाडी लगेच कोरडी करणे कोटिंगनंतर अधिक गरजेचे होते. पाण्याच्या थेंबाचा पृष्ठभागाशी असलेला स्पर्शकोन ९० अंशांच्या वर गेला की पृष्ठभाग जलरोधी मानतात; चांगल्या कोटिंगवर तो १०० ते ११५ अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे पाणी उंच मण्यांसारखे उभे राहते, आणि उन्हात वाळताना प्रत्येक मण्यातले सगळे क्षार एका लहानशा वर्तुळात साठतात. गाडीवर कोटिंग आहे या भरवशावर ती ओली उन्हात सोडली तर छतावर आज आहेत तसेच डाग पुन्हा पडतील, या वेळी कोटिंगवर.

मणी बनणे थांबले म्हणजे थर संपलाच असे नाही. बहुतेक वेळा त्यावर क्षार, तेलकट धूर आणि लोखंडाचे कण साठून तो बुजलेला असतो. आधी आयर्न रिमूव्हर, मग क्षार काढणारा सौम्य आम्लयुक्त शाम्पू वापरून एक पॅनेल स्वच्छ करून पाहा. तिथे पाणी पुन्हा निसटू लागले तर थर जिवंत आहे, आणि उरलेल्या गाडीलाही तेवढीच सफाई पुरेल. तरीही पाणी पसरूनच राहिले तर त्या पॅनेलवरचा थर झिजला आहे. हलके पॉलिश करून तेवढ्याच पॅनेलला नव्याने द्या, सगळी गाडी पुन्हा घासायला घेऊ नका.